म्हातारपण म्हणून सोडून देऊ नका

पाचही वेळा चालत मशिदीत जाणाऱ्या अब्बांची पावले हळूहळू आखूड होतात. पाय जमिनीला चिकटल्यासारखे घासतात, वळताना तोल जातो. सजद्यातून उठवत नाही, म्हणून ते खुर्चीवर बसून नमाज पढू लागतात. "वय झालं," असे घरचे म्हणतात. डॉक्टरांना पार्किन्सनची शंका येते, गोळ्या सुरू होतात. पण चालण्यात फरक पडत नाही. पुढे लघवी आवरत नाही, वुजू टिकत नाही आणि संकोचाने अब्बा मशिदीत जाणेच सोडतात. ही गोष्ट ते डॉक्टरांनाही सांगत नाहीत. नेमकी तीच महत्त्वाची खूण असते.

चालणे बिघडणे, लघवीवर ताबा न राहणे आणि विसरभोळेपणा, ही तीन लक्षणे एकत्र आली तर नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस या आजाराची शक्यता तपासावी लागते. मेंदूत रोज सुमारे अर्धा लिटर पाणी तयार होते आणि रक्तात शोषले जाते. हे शोषण मंदावले की मेंदूतील पोकळ्या फुगतात.

कोलंबियातील लेबनॉनी वंशाचे मेंदूशल्यचिकित्सक डॉ. सालोमोन हाकिम यांना १९५७ मध्ये अपघातात जखमी झालेल्या १६ वर्षांच्या मुलात हा प्रकार प्रथम दिसला. १९६५ मध्ये त्यांनी तो जगापुढे मांडला.

पार्किन्सन बहुधा एका बाजूने सुरू होतो आणि त्यात हात थरथरतो. या आजारात त्रास मुख्यतः दोन्ही पायांत असतो, पाय फाकवून चालावे लागते आणि गोळ्यांचा गुण फारसा येत नाही. काहींना दोन्ही आजार एकदम असतात. म्हणून गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.

एमआरआयमध्ये फुगलेल्या पोकळ्या दिसल्या, तर डॉक्टर कमरेतून ३० ते ५० मिलिलिटर पाणी काढतात आणि त्याआधी व नंतर रुग्णाला चालवून पाहतात. चाल सुधारली तर शस्त्रक्रियेचा उपयोग होण्याची शक्यता वाढते. शस्त्रक्रियेत कातडीखालून एक बारीक नळी, म्हणजे शंट, मेंदूपासून पोटापर्यंत घालतात. जास्तीचे पाणी पोटात उतरते आणि तिथे शोषले जाते. सर्वांत जास्त सुधारणा चालण्यात होते, स्मरणशक्तीत कमी. जंतुसंसर्ग, नळी तुंबणे, मेंदूभोवती रक्त साठणे हे धोकेही आहेत. ते डॉक्टरांकडून नीट समजून घ्या. उशीर जितका जास्त, तितका गुण कमी.

परदेशी शंट महाग असतो. मात्र उत्तर प्रदेशातील शहाजहानपूरला बनणारा छाब्रा शंट बराच स्वस्त मिळतो. सांगलीकरांना मिरज जवळच आहे, डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथे रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून हे गाव उपचारांसाठी ओळखले जाते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत खर्च बसतो का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा.

डॉक्टरांकडे जाताना अब्बांच्या चालण्याचा व्हिडिओ मोबाइलवर घेऊन जा. लघवीचा त्रास त्यांना सांगवत नसेल, तर मुलाने अदबीने सांगावा. आजार सांगण्यात बेअदबी नाही.