रात्रपाळी आणि प्रबंध

माझी भाची गेलीं अठरा वर्षें परिचारिका आहे. रात्रपाळी संपवून ती सकाळीं घरीं येते, चहा घेते, आणि आपण जेव्हां तिला आतां नीज म्हणावें, तेव्हां टांचणांची वही उघडून बसते. नोकरी सांभाळून पीएच्.डी.साठीं तिचें संशोधन चाललें आहे.

१९०९ सालीं रमाबाई रानडे यांनीं पुण्यास सेवासदन काढलें आणि पुढें विधवा व इतर स्त्रियांना ससून रुग्णालयांत परिचर्या शिकावयास धाडलें, तेव्हां आपल्याच घरांतून केवढें काहूर उठलें! तो विरोध आतां मावळला. पण परिचारिकेलाही शास्त्रीय प्रश्न पडूं शकतो, हें अजून पुष्कळांना पटत नाहीं. वस्तुतः फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनीं क्रिमियांत जखमांपेक्षां रोगांनींच अधिक सैनिक मेले, हें १८५८ सालीं आकृत्या काढून दाखविलें होतें.

भाचीचा विषय शय्याव्रणांचा. अंथरुणाला खिळलेल्या रोग्याच्या टांचेवर, माकडहाडापाशीं सतत दाब पडून रक्तपुरवठा खुंटतो व जखम होते. दर दोन तासांनीं कूस बदलावी, हा जुना पाठ. पण तीस रोगी एकटीकडे असतां पहांटे तीन वाजतां आधीं कोणाची बदलावी? हा प्रश्न ग्रंथालयांत बसून सुचला नसता. मात्र स्वतःच्या कक्षांतले रोगी तिनें अभ्यासाला घेतले नाहींत. औषध देणाऱ्या सिस्टरला रोगी नाहीं कसें म्हणणार? ती संमति खरी कशी? म्हणून सुट्टीच्या दिवशीं ती दुसऱ्या कक्षांत नोंदी करते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणें अर्धवेळ पीएच्.डी. करतां येते. किमान ३ वर्षें, एरवीं ६, आणि स्त्रियांना मुदतवाढ धरून १० वर्षांपर्यंत. अट अशी कीं, अभ्यासाला पुरेसा वेळ मिळेल असें ना-हरकतपत्र मालकानें द्यावें. भाचीच्या रुग्णालयानें तें दिलें. शिक्काही ठसठशीत आहे. पाळ्या मात्र होत्या तशाच राहिल्या! वर्गांच्या दिवसांसाठीं मैत्रिणींनीं तिच्या पाळ्या केल्या, तें ऋण ती दिवाळींत फेडते.

गेल्या महिन्यांत ती म्हणाली, "मावशी, सोडून द्यावेंसें वाटतें." मुलीचें दहावीचें वर्ष, सासूबाईंचें गुडघ्यांचें दुखणें. मीं कांहीं उपदेश केला नाहीं. तिच्या यजमानांशीं मात्र बोललें. तेव्हांपासून रविवारचा स्वयंपाक त्यांच्याकडे आहे. पोळ्या जाड होतात, अशी सासूबाईंची तक्रार आहे. तिसरें प्रकरण अर्धें लिहून झालें आहे.