नवा फोन आणि शेताचा बांध

दर वर्षी सप्टेंबर उजाडला, की नव्या भ्रमणध्वनींच्या वार्तांना भरती येते. ॲपल कंपनीचे नवे फोन बहुधा याच महिन्यात अवतरतात, आणि दसरा-दिवाळीच्या बाजारावर डोळा ठेवून इतर कंपन्याही आपापली आयुधे परजू लागतात. योगायोग असा, की याच सुमारास बुलढाणा जिल्ह्यातला शेतकरी हातात फोन घेऊन आपल्या सोयाबीनमध्ये उभा असतो. खरिपाची ई-पीक पाहणी साधारणतः ऑगस्टच्या आरंभापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालते. हे दोन सोहळे एकाच यंत्राभोवती घडतात. पण पहिल्यात ज्या गुणांचे गोडवे गायिले जातात, त्यांतले फारच थोडे दुसऱ्यात उपयोगी पडतात.

प्रस्तुत लेखकाला नव्या फोनांचे व्यसन आहे असे घरची मंडळी म्हणतात, आणि ते खोटे नाही. कोणत्या फोनात कोणता प्रोसेसर, कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, हे सारे आम्हाला मुखोद्गत असते. म्हणूनच ही तक्रार बाहेरच्या माणसाची नव्हे, घरातल्याची आहे.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या या योजनेने एक मोठी उलथापालथ केली. गाव नमुना बारामध्ये पिकाची नोंद करणे हे पूर्वी तलाठ्याचे काम होते. आता ते खातेदाराने स्वतः, स्वतःच्या फोनवरून करावयाचे. शेतात उभे राहून गट क्रमांक निवडावा, पीक व क्षेत्र भरावे आणि छायाचित्र काढावे. आपण त्या गटापासून किती दूर उभे आहोत, हे ॲप फोनच्या स्थाननिदर्शनावरून ताडून पाहते. ही नोंद सातबाऱ्यावर चढली नाही, तर हमीभावाने सोयाबीन विकण्यासाठी नाव नोंदविताना अडचण येते. पीकविमा आणि नुकसानभरपाईच्या वेळीही हीच नोंद पुढे मागितली जाते. म्हणजे फोन ही येथे चैन उरली नाही, ते महसुली दप्तराचे एक उपकरण झाले. फरक इतकाच, की तलाठ्याचे दप्तर सरकार पुरवीत असे, हे उपकरण मात्र शेतकऱ्याने पदरमोड करून आणावयाचे आहे.

आता या उपकरणाची परीक्षा पाहा. चांगल्या फोनवरील उपग्रहाधारित स्थाननिदर्शन मोकळ्या आभाळाखाली साधारण पाच मीटरपर्यंत अचूक असते. ऐकावयास हे उत्तम वाटते. पण एक गुंठा म्हणजे तेहेतीस फूट लांब व तेहेतीस फूट रुंद जागा, म्हणजे बाजू जेमतेम दहा मीटर. तेव्हा पाच मीटरांची चूक ही अर्ध्या गुंठ्याच्या रुंदीची चूक होय. भावाभावांत वाटण्या होऊन ज्या शेताच्या लांबट पट्ट्या झाल्या, तेथे एवढ्या चुकीने माणूस नकाशावर सहज चुलत्याच्या वावरात जाऊन उभा राहतो! टेकडी, दाट झाडी किंवा भिंत जवळ असली, की उपग्रहाची लहर तिच्यावर आपटून फिरून येते आणि चूक आणखी वाढते. यावर उपाय नाही असे नाही. २०१८ मध्ये शाओमीच्या 'मी ८' या फोनात प्रथमच दोन वारंवारतांवर उपग्रहांचे संदेश घेणारी व्यवस्था आली, आणि तिने ही चूक बरीच आटोक्यात येते. २०२० पासून आपल्या देशाच्या 'नाविक' उपग्रहांचे संदेश घेणारे फोनही बाजारात आले. परंतु स्वस्त फोनांत ही दुहेरी व्यवस्था पुष्कळदा वगळलेली असते, आणि दुकानाच्या पाटीवर तिचा उल्लेख शोधूनही सापडत नाही. पाटीवर असतो तो मेगापिक्सेलचा आकडा. सोयाबीनचे झाड ओळखण्यास इतके मेगापिक्सेल कशाला हवेत, हे कोणी विचारीत नाही.

लहरींचेही तसेच आहे. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात फाइव्ह-जीचा शुभारंभ झाला. त्यातील उच्च वारंवारतेच्या लहरी वेगवान खऱ्या, पण फार दूर जात नाहीत. सातशे मेगाहर्ट्झसारख्या नीच वारंवारतेची लहर दूरवर पोहोचते आणि उंचवट्याला काहीशी वळसाही घालते. मोताळा-बुलढाण्याकडे अजिंठ्याचे डोंगर, उत्तरेस जळगाव जामोद आणि संग्रामपूरच्या माथ्यावर सातपुडा. अशा मुलखात शहरातला वेग काय कामाचा? ॲपमध्ये माहिती फोनवरच साठवून नंतर पाठविण्याची सोय आहे, ही त्यातल्या त्यात शहाणपणाची गोष्ट.

भर उन्हात पडदा दिसणे हीही साधी बाब नाही. जाहिरातीतला हजारो निट्सचा प्रकाश पडद्याच्या एखाद्या लहानशा भागावर आणि क्षणभरच मोजलेला असतो. विद्युत्घटाच्या बाबतीत मात्र श्रेय द्यावयास हवे. सिलिकॉन-कार्बन घटांमुळे सात हजार मिलिअँपिअर-तासांपलीकडचे फोन २०२५ मध्ये मध्यम किमतीत मिळू लागले. वीज केव्हा येईल याचा नेम नसलेल्या घरी ही खरी प्रगती होय. नोकियाने २००३ मध्ये काढलेला ११०० हा फोन येथे आठवतो. धूळ आत जाऊ न देणारी कळफळी आणि माथ्यावर विजेरी एवढेच त्याचे वैभव. पण गरीब देशांतला ग्राहक समोर ठेवून तो घडविला होता, आणि जगभरात सुमारे पंचवीस कोटी विकला गेला.

आणखी एक गोष्ट. खेड्यातल्या घरात नवा फोन मुलाच्या खिशात जातो, जुना बापाकडे येतो. गूगल आणि सॅमसंग यांनी अनुक्रमे २०२३ व २०२४ मध्ये आपल्या महागड्या फोनांना सात वर्षे सुधारणा पुरविण्याचे वचन दिले. जो फोन दुसऱ्या हाती जाणार, त्याच्या दृष्टीने हे वचन कॅमेऱ्याहून मोलाचे आहे. स्वस्त फोनांना ते क्वचितच लाभते.

कोणी म्हणेल, ज्याला जमत नाही त्याच्यासाठी गावात सहायक नेमलेला असतो, शिवाय एका फोनवरून अनेक खातेदारांच्या नोंदी होतात. खरे आहे. पण मग ज्या नोंदीवर वर्षाची मिळकत अवलंबून, ती शेजाऱ्याच्या सवडीवर सोडावी लागते.

शासनाने उपकरण शेतकऱ्याच्या माथी मारले आहे, तर त्या उपकरणाचे किमान गुण तरी जाहीर करावेत: दुहेरी स्थाननिदर्शन, नीच वारंवारतेची लहर पकडण्याची क्षमता, सुधारणांची वर्षे. दूरसंचार नियामकाच्या २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांना आपल्या सेवाक्षेत्राचे नकाशे संकेतस्थळावर द्यावे लागतात. जिल्हा प्रशासनाने ते नकाशे गट क्रमांकांच्या नकाशावर ठेवून पाहावेत. २०२२ मध्ये केंद्राने २४,६८० वंचित गावांपर्यंत फोर-जी नेण्याची योजना मंजूर केली, तेव्हाही मोजणी गावांचीच झाली. परंतु पीक गावठाणात उगवत नाही, शिवारात उगवते. आणि शिवाराच्या कोणत्या कोपऱ्यात लहर पोहोचत नाही, हे पुढल्या ऑगस्टपूर्वी तेरा तालुक्यांच्या तहसील कचेऱ्यांत भिंतीवर लावता येण्याजोगे आहे.