पायथनच्या पोटातली चळत

संपादकांचं म्हणणं सरळ होतं. सीबीएसईच्या अकरावी-बारावीला पायथन आहे, इंजिनिअरिंगच्या मुलांना पायथन आहे, बँकांच्या आकडेमोडीत आणि खगोलशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेतही पायथन आहे; तेव्हा या भाषेचा परिचय करून देणारा लेख हवा. तिचा इतिहास कुठेही वाचायला मिळतो. अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत काम करणाऱ्या गिडो व्हॅन रॉसम यांनी १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत ती लिहायला घेतली आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये तिची पहिली आवृत्ती सगळ्यांसाठी खुली केली. माझं मन मात्र रमलं ते तिच्याबरोबर फुकट मिळणाऱ्या एका छोट्या साधनात. त्याचं नाव ‘डिस’, म्हणजे डिसअसेंब्ली करणारं. आपण लिहिलेल्या चार ओळींचं आत नेमकं काय झालं, हे ते उघडून दाखवतं. पायथन असलेल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर ते असतंच, आणि वर्षानुवर्षं पायथन लिहिणारी कितीतरी माणसं त्याच्याकडे एकदाही फिरकत नाहीत, याची मला मनापासून हळहळ वाटते.

पायथन एकेक ओळ वाचते आणि चालवते, असं क्लासमध्ये सर्रास शिकवतात. ते खरं नाही. आधी अख्खी फाइल वाचून होते आणि पायथनचा कंपायलर तिचं बाइटकोडमध्ये भाषांतर करतो. बाइटकोड म्हणजे क्रमाने मांडलेल्या छोट्या छोट्या सूचना. या सूचना प्रोसेसरच्या नसतात. इंटेलच्या चिपला त्या कळत नाहीत आणि मोबाइलमधल्या चिपलाही नाहीत. त्या असतात एका काल्पनिक यंत्रासाठी, आणि ते यंत्र म्हणजे सी भाषेत लिहिलेला दुसरा प्रोग्रॅम, म्हणजेच इंटरप्रिटर. ही युक्ती पायथनची नव्हे. केंब्रिजच्या मार्टिन रिचर्ड्‌स यांच्या बीसीपीएलमध्ये १९६०च्या दशकातच ती होती, पुढे पास्कलने वापरली, स्मॉलटॉकने वापरली, जावाने तर घरोघरी पोचवली.

एक फंक्शन घेऊ. नाव ‘बेरीज’, त्याला दोन गोष्टी द्यायच्या, ‘अ’ आणि ‘ब’, त्याने परत द्यायचं ‘अ + ब’. पायथन ३ मध्ये ही नावं खरोखरच देवनागरीत लिहिता येतात आणि फंक्शन बिनतक्रार चालतं. पायथन ३.१० मध्ये याचा बाइटकोड मागितला, की हातात आठ आकडे पडतात: १२४, ०, १२४, १, २३, ०, ८३, ०. बस्स, एवढंच. ‘अ’ नाही, ‘ब’ नाही, अधिकचं चिन्हसुद्धा नाही. ३.६ या आवृत्तीपासून प्रत्येक सूचना दोन बाइटांची असते. पहिला बाइट काय करायचं ते सांगतो, दुसरा कशावर करायचं ते. त्याआधी काही सूचना एका बाइटच्या आणि काही तीन बाइटांच्या असत, त्यामुळे वाचणाऱ्या यंत्राला दर वेळी पुढचं पाऊल मोजून टाकावं लागे. दुसऱ्या बाइटमध्ये २५५ पेक्षा मोठा आकडा मावत नाही. तसा लागलाच, तर त्या सूचनेच्या आधी वरचे अंक घेऊन येणारी एक जादा सूचना जोडतात.

आता हेच फंक्शन ‘डिस’ला द्यायचं. आठ आकड्यांच्या चार ओळी होतात: ‘लोड फास्ट’ अ, ‘लोड फास्ट’ ब, ‘बायनरी अ‍ॅड’, ‘रिटर्न व्हॅल्यू’. डावीकडे मूळ फाइलमधला ओळक्रमांक, शेजारी सूचना कितव्या बाइटवर आहे तो आकडा, मग सूचनेचं नाव आणि उजवीकडे कंसात ‘अ’ किंवा ‘ब’. ही नावं बाइटकोडमधली नव्हेत. ती शेजारच्या एका यादीत ठेवलेली असतात, आणि ‘डिस’ शून्य व एक हे आकडे पाहून त्या यादीतून ती शोधून आणतं. वाचणाऱ्याची केवढी ही कदर!

काम होतं ते एका चळतीवर. भाकऱ्यांच्या चळतीत नवी भाकरी वर ठेवायची आणि वाढताना वरचीच उचलायची, तसाच हिचा नियम: वर ठेवा, वरून काढा, मधे हात घालायचा नाही. पहिली सूचना ‘अ’ची किंमत चळतीवर ठेवते. दुसरी तिच्यावर ‘ब’ची ठेवते. तिसरी वरच्या दोन्ही उचलते, बेरीज करते आणि उत्तर परत ठेवते. चौथी ते उत्तर ज्याने फंक्शनला हाक मारली त्याच्या हवाली करते. चळत किती उंच होणार हेही कंपायलर आधीच मोजून लिहून ठेवतो. ‘बेरीज’साठी तो आकडा दोन. सूत्र कितीही गुंतागुंतीचं असो, कंसात कंस असोत, या ठेवा-काढीतून सगळं सुटतं. कागद-पेन्सिल घेऊन एखाद्या लांबलचक सूत्राची चळत सूचनेगणिक काढत बसण्यात जो आनंद आहे, तो शाळेत भूमितीची सिद्धता सुटताना व्हायचा त्याच जातीचा आहे.

ही चळत हलवणारं इंजिन एका सी फाइलमध्ये असतं. मूळ रूपात ते न संपणारं एक आवर्तन आहे: पुढची सूचना उचल, तिचा क्रमांक बघ, त्या क्रमांकाचं काम कर, पुन्हा वर जा. जगभरातल्या पायथन प्रोग्रॅमांचा मोठा हिस्सा याच आवर्तनातून जातो. म्हणून तिथे वाचवलेला एक कणभर वेळही मोलाचा.

‘डिस’चा खरा उपयोग कळतो तो कोडं पडल्यावर. पायथनमध्ये टपल नावाचा प्रकार आहे. एकदा बनला की बदलता येत नाही. टपलच्या आत एक यादी ठेवली आणि ‘टपलमधल्या पहिल्या गोष्टीत हे मिळव’ असं अधिक-बरोबर या चिन्हाने सांगितलं, तर पायथन चूक दाखवून थांबते. नियमाप्रमाणे ते योग्यच. पण टपल उघडून पाहावं, तर यादीत नवी गोष्ट जाऊन बसलेली! चूकही झाली आणि कामही झालं, हे कसं? ३.१० मधल्या सूचना वाचल्या की गूढ फिटतं. आधी टपल आणि क्रमांक चळतीवर जातात आणि त्या दोघांच्या प्रती वर ठेवल्या जातात. ‘बायनरी सबस्क्रिप्ट’ त्या प्रती वापरून आतली यादी बाहेर काढते. ‘इनप्लेस अ‍ॅड’ त्या यादीतच भर घालते. यादी इथे बदलून गेली. मग ‘रॉट थ्री’ वरच्या तिघांची जागा फिरवते आणि ‘स्टोअर सबस्क्रिप्ट’ उत्तर टपलमध्ये परत ठेवायला जाते. टपल नकार देते ती इथे. बदल आधी आणि नकार नंतर, असा क्रम डोळ्यांपुढे लिहिलेला असतो. मूळ ओळ शंभरदा वाचूनही जे दिसत नाही, ते या नऊ-दहा ओळींत लख्ख दिसतं.

दिवसाचे सेकंद हवेत म्हणून २४ गुणिले ६० गुणिले ६० असं लिहिलं, की काही जणांना चुटपुट लागते: दर वेळी गुणाकार होत असेल का? ‘डिस’ दाखवतं की गुणाकाराची सूचनाच नाही. कंपायलरने ८६४०० हा आकडा आधीच काढून ठेवलेला असतो. तेव्हा वाचणाऱ्याला समजेल असं बिनधास्त लिहावं.

ऑक्टोबर २०२२ मध्ये पायथन ३.११ आली आणि या सगळ्या व्यवस्थेला नवी कलाटणी मिळाली. मार्क शॅनन यांनी ज्याचा प्रस्ताव मांडला होता, ती कल्पना मला या संपूर्ण यंत्रणेतली सर्वांत देखणी वाटते. अडचण जुनीच होती. ‘अ + ब’ हे नुसतं पाहून अ आणि ब काय आहेत ते कळत नाही. पूर्णांक असतील, दशांश असतील, शब्द असतील, कुणी स्वतः बनवलेली वस्तूही असेल. म्हणून बेरजेची सूचना दर वेळी डावीकडच्याला विचारते, तुला बेरीज येते का. गरज पडली तर उजवीकडच्यालाही विचारते. मग काम करते. तेच फंक्शन लाख वेळा पूर्णांकांवर चाललं, तरी चौकशी लाख वेळा. ३.११ मध्ये सूचना स्वतःच पाहते की इथे तर पूर्णांकच येताहेत, आणि चालता चालता स्वतःचं रूप बदलते. ‘बायनरी ऑप’च्या जागी ‘बायनरी ऑप अ‍ॅड इंट’ होऊन बसते. आता चौकशी नाही. दोघं पूर्णांक आहेत ना एवढी झटपट खात्री, आणि थेट बेरीज. मधेच कुणी शब्द आणून दिले, तर ती मुकाट्याने सर्वसाधारण मार्गाने काम पार पाडते. असं वारंवार झालं, तर नव्या प्रकाराला साजेसं रूप धरायचा प्रयत्न करते. किती वेळा अंदाज चुकला याचा हिशेब ठेवायला तिच्या लगेच पुढे एक छोटा रकाना राखलेला असतो. अशा सुधारणांमुळे पायथनच्या चाचणीसंचावर ३.११ ही ३.१० पेक्षा सरासरी २५ टक्के वेगवान ठरली. कुणालाही आपल्या प्रोग्रॅममधली एक ओळ बदलावी लागली नाही.

पण इथूनच वाचणाऱ्याची वाट अवघड होते. ‘बेरीज’ ३.११ मध्ये उघडली, की चारऐवजी पाच सूचना दिसतात. सुरुवातीला ‘रिझ्यूम’ नावाची नवी सूचना येते. ‘बायनरी अ‍ॅड’ गायब. बेरीज, वजाबाकी, गुणाकार या वेगवेगळ्या सूचना मोडून एकच ‘बायनरी ऑप’ ठेवली आहे आणि कोणती क्रिया ते तिच्यासोबतच्या आकड्यावरून ओळखायचं. साधी बेरीज ०, अधिक-बरोबर १३. बाइटक्रमांक सहावरून एकदम दहावर उडी मारतो, कारण मधे तो राखीव रकाना असतो आणि सांगितल्याशिवाय ‘डिस’ तो दाखवत नाही. याहून महत्त्वाचं म्हणजे रूप बदललेली सूचनाही ते आपणहून दाखवत नाही. साध्या मागणीला मिळतो तो मूळ, सोज्वळ बाइटकोड. प्रत्यक्ष काय चाललं आहे ते पाहायला ‘अ‍ॅडॅप्टिव्ह’ असं वेगळं सांगावं लागतं. ३.१३ मध्ये दोन ‘लोड फास्ट’ मिळून एकच जोडसूचना झाली. ३.१४ मध्ये तिचंही नाव बदललं.

चूक पकडण्याची व्यवस्थाही अशीच हलली. पूर्वी ‘ट्राय’ लिहिलं, की त्याची खूण सूचनांच्या ओघातच असायची. ३.११ पासून ती वेगळ्या तक्त्यात गेली, त्यामुळे चूक झालीच नाही तर जवळपास काहीच खर्च येत नाही. उत्तम सुधारणा. पण सूचना वरून खाली वाचणाऱ्याला आता एक डोळा त्या तक्त्यावर ठेवावा लागतो. पायथनचं अधिकृत दस्तऐवजीकरण याबाबत स्पष्ट आहे: बाइटकोड ही अंतर्गत बाब आहे, आवृत्तीगणिक सूचना येतील, जातील, बदलतील. जावाचं तसं नाही. तिथे बाइटकोडचा नियमग्रंथ प्रसिद्ध आहे, फार जुन्या फाइलीही आजचं यंत्र स्वीकारतं, आणि बाहेरून आलेला बाइटकोड चालवण्याआधी तपासून घेतं. पायथन अशी तपासणी करत नाही. हाताने बिघडवलेला बाइटकोड दिला, तर चूक सांगण्याऐवजी अख्खा प्रोग्रॅमच कोसळू शकतो. वेगासाठी ही मोकळीक हवी हे मला पटतं, आणि तरीही तिची काळजी वाटते.

काळजीचं कारण अगदी व्यवहारातलं आहे. कार्यालयातला एखादा जुना प्रोग्रॅम चालू असतो, लिहिणारा नोकरी सोडून गेलेला असतो, मूळ फाइल सापडत नाही, आणि उरते फक्त बाइटकोडची ‘पीवायसी’ फाइल. तिच्या पहिल्या दोन बाइटांत आवृत्तीची खूण असते, ३.१० साठी ३४३९, ३.११ साठी ३४९५. खूण जुळली नाही, तर पायथन फाइल उघडतच नाही. आत बरंच काही शाबूत असतं: व्हेरिएबलांची नावं, फंक्शनचं वर्णन, ओळक्रमांक, मूळ फाइल कोणत्या फोल्डरमध्ये होती तेही. टिपणं मात्र कायमची गेलेली असतात. बाइटकोडवरून पुन्हा मूळ प्रोग्रॅम उभा करणारी साधनं आहेत, पण त्यांतलं खूप वापरलेलं ‘अनकंपाइल सिक्स’ पायथन ३.८ पाशी अडतं. सूचना बदलल्या, एका सूचनेवरून दुसरीकडे उडी मारण्याची पद्धत बदलली, ३.१२ मध्ये यादी बनवण्याची एका ओळीतली रचना वेगळं फंक्शन न राहता आजूबाजूच्या सूचनांत मिसळली. प्रत्येक बदलाने ओळखीचे आकृतिबंध मोडले. व्हायरसचा माग काढणाऱ्यांना हीच अडचण येते, कारण पायथनमध्ये लिहिलेले घातक प्रोग्रॅम बहुधा याच रूपात हाती लागतात.

नव्या पायथनच्या ‘डिस’ला जुनी फाइल वाचता येत नाही, त्याला फक्त स्वतःच्या आवृत्तीच्या सूचना माहीत. त्यासाठी रॉकी बर्नस्टाइन यांनी ‘एक्सडिस’ नावाचं साधन सांभाळलं आहे. पायथनच्या अगदी आरंभीच्या आवृत्त्यांपासूनचे सूचनांचे तक्ते त्यात एकत्र आहेत. ‘अनकंपाइल सिक्स’ही तेच सांभाळतात. पायथनचा वेग वाढवणाऱ्या चमूच्या पाठीशी मायक्रोसॉफ्टसारखी कंपनी होती, आणि तिनेही मे २०२५ मध्ये त्यातल्या काहींना कमी केलं. तक्ते जुळवत बसणाऱ्यांच्या मागे तेवढंही बळ नाही, आणि नवी आवृत्ती तर दर ऑक्टोबरला येते. म्हणून ज्यांचे हिशेब, निकाल किंवा पगारपत्रकं आज पायथनवर चालतात, त्यांनी मूळ फाइलीबरोबर ती कोणत्या आवृत्तीवर चालत होती हेही नोंदवून ठेवावं. आणि त्या आवृत्तीचा इंटरप्रिटरसुद्धा जपून ठेवावा, कारण तिची ‘पीवायसी’ विनातक्रार उघडणारा तो एकच असतो.