मोठ्या आतड्याचा कर्करोग : फैलाव, उपचार आणि कळंबची वाट

मोठे आतडे आणि गुदाशय यांचा कर्करोग बहुतेक वेळा अस्तरावरच्या पॉलिपमधून, म्हणजे लहानशा मांसल कोंबातून, सुरू होतो. कोंबाची गाठ व्हायला साधारण दहा वर्षे लागतात. तेवढ्या काळात जनुकांमध्ये एकामागून एक बिघाड साचत जातात. दुर्बिणीतून असा कोंब दिसला तर तो तिथल्या तिथे काढता येतो आणि पुढचा रोगच टळतो. इतकी सवड देणारे कर्करोग थोडे.

गाठ वाढली की ती आतड्याच्या भिंतीत खोल शिरते. आधी अस्तराखालचा थर, मग स्नायू, मग बाहेरची चरबी. रसवाहिन्यांतून तिच्या पेशी जवळच्या रसग्रंथींत पोचतात. आतड्याचे रक्त आधी यकृतात जाते, म्हणून दूरचा फैलाव बहुधा यकृतातच प्रथम दिसतो. गुदाशयाच्या खालच्या भागातले काही रक्त मात्र यकृत टाळून हृदयाकडे जाते. त्या गाठी फुप्फुसात लवकर पोचू शकतात. काही पेशी उदरावरणावर रुजतात आणि पोटात पाणी साठते.

शस्त्रक्रिया हाच उपचाराचा कणा आहे. गाठीचा भाग रसग्रंथींसह काढतात. रोगाची पायरी नीट ठरवण्यासाठी किमान १२ ग्रंथी तपासाव्यात, असा संकेत आहे. गुदाशयाभोवतीची चरबी तिच्या आवरणासह अखंड काढण्याची पद्धत ब्रिटिश सर्जन बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये मांडली. तिने गाठ पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण खूप घटले. गुदाशयाची गाठ पुढे गेलेली असेल तर आधी शेक (किरणोपचार) आणि केमो, मग शस्त्रक्रिया. ग्रंथींत रोग सापडल्यास शस्त्रक्रियेनंतर केमो देतात. त्यातल्या ऑक्सॅलिप्लॅटिनमुळे थंड पाण्याला हात लावला तरी मुंग्या येतात, हे रुग्णाला आधी सांगितलेले बरे. यकृतातल्या मोजक्या गाठी काढता आल्या तर चौथ्या पायरीचे, म्हणजे रोग दूर पसरलेले, काही रुग्णही पूर्ण बरे होतात. शौचासाठी पोटावर लावाव्या लागणाऱ्या पिशवीची धास्ती मोठी असते, पण अनेकांना ती काही महिन्यांपुरतीच लागते.

उपचारासाठी धाराशिव जिल्ह्यातल्या कळंबच्या रुग्णाला येरमाळ्यावरून बार्शी गाठता येते. तिथल्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाशी जोडलेली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ पासून चालते. शेजारचे भूम आणि परंडा तालुके तिच्यात पहिल्यापासून आहेत. या नोंदींत आतड्याचा कर्करोग शहरांच्या मानाने कमी दिसतो. धाराशिव जिल्ह्यातल्याच सुमारे १,३१,००० स्त्रियांवर १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास झाला. हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूच्या एकाच चाचणीने मृत्यू निम्म्यावर येतात, हा त्याचा २००९ सालचा निष्कर्ष जगभर वाचला गेला. गावोगावच्या बायाबापड्यांनी दिलेली ती साथ जिल्ह्याने अभिमानाने सांगावी अशी आहे.

आतड्यासाठी अशी सरसकट तपासणी सरकारी कार्यक्रमात नाही. तिथे तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख एवढेच आहेत. म्हणून लक्षणांवरच भिस्त. शौचावाटे रक्त, बदललेली सवय, पोट साफ न झाल्याची सततची भावना, कारणाविना रक्त कमी होणे. रक्त दिसले की घरात ‘मूळव्याध’ म्हणून मलम आणि काढे सुरू होतात आणि महिने जातात. भारतात हा रोग तुलनेने तरुण वयात आणि गुदाशयात अधिक आढळतो, म्हणून तिशी-चाळिशीतल्या माणसानेही गाफील राहू नये. गुदाशयाच्या खालच्या भागातल्या पुष्कळ गाठी डॉक्टरांच्या बोटाला लागतात. रक्त जात असेल तर संकोच बाजूला ठेवून ही तपासणी करून घ्यावी, आणि गरज पडल्यास दुर्बिणीचीही.