फलाटावरचं पोर आणि आपले समज

समजा, रात्री अकराच्या सुमारास मनमाडच्या फलाटावर नळाशेजारी दहा-अकरा वर्षांचा मुलगा बसलाय. पाठीला शाळेचं दप्तर, पायात दोन वेगवेगळ्या जोडांच्या चपला. बिस्किटं दिली तर घेतो, नाव विचारलं की मान फिरवतो. बाकड्यावरची मंडळी कुजबुजायला लागतात आणि पाच मिनिटांत निम्मे गैरसमज तिथेच ऐकायला मिळतात.

‘हरवलंय बिचारं’ हा पहिला. बहुतेक वेळा ते हरवलेलं नसतं. ‘नन्हे फरिश्ते’ या मोहिमेत रेल्वे सुरक्षा बलाने, म्हणजे आरपीएफने, २०१८ ते मे २०२४ या काळात ८४,११९ मुलं ताब्यात घेऊन सुरक्षित ठिकाणी पोहोचवली. एकट्या २०१८ सालच्या १७,११२ मुलांपैकी १३,१८७ घरातून पळून आलेली होती. चुकलेली, पळवून आणलेली त्यामानाने फारच थोडी. हा आकडा डोक्यात ठेवला की पुढच्या कारभाराचा अर्थ लागतो.

कारण सगळ्यात पक्का गैरसमज हा की पत्ता सापडला, बापाला फोन केला, पोर हातात दिलं, झालं काम. तसं परस्पर देता येत नाही. २०१५च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे अशा मुलाला, प्रवासाचा वेळ वगळून, २४ तासांच्या आत जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे हजर करावं लागतं. अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यांत किमान एक महिला. अधिकार प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे. सामाजिक चौकशी पंधरा दिवसांत व्हावी असं कायदा सांगतो. बाहेर व्हरांड्यात बाप आधार कार्ड आणि जन्मदाखला घेऊन ताटकळलेला असतो. ‘माझंच पोर मला द्यायला चौकशी कसली?’ त्याचा संताप खोटा नाही. रात्रभर एसटीने आलेल्या माणसाला हे सगळं लालफीत वाटणारच. पण गणितात कमी गुण पडले म्हणून पळालेला मुलगा आणि रोजच्या पट्ट्याच्या माराला कंटाळून पळालेला मुलगा बाहेरून सारखेच दिसतात. कुणाला घरी पाठवायचं, कुणाला देखरेखीखाली पाठवायचं आणि कुणाला सध्या पाठवायचंच नाही, हे त्याच्याशी बोलल्याखेरीज कळत नाही. परत त्याच घरी ढकललेलं पोर पुढच्या गाडीने पुन्हा निघतं, हे स्टेशनवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा.

‘म्हणजे तोवर रिमांड होममध्ये, चोरट्यांच्या पोरांत?’ हा शब्द आपल्याकडे इतका रुजलाय की मुंबईत आया अजून ‘डोंगरीला (म्हणजे तिथल्या रिमांड होमला) पाठवीन’ म्हणून दम देतात. प्रत्यक्षात बालगृह वेगळं, निरीक्षणगृह वेगळं. ज्यांच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे ती मुलं निरीक्षणगृहात जातात. पळून आलेलं, टाकलेलं, अनाथ मूल बालगृहात. सगळी बालगृहं चांगलीच चालतात असं माझं म्हणणं नाही. पण पळून येणं हा गुन्हा नाही, एवढं कायद्याने स्पष्ट केलंय.

मग येतं ते ‘आपण कशाला मध्ये पडा, उलट आपणच अडकू.’ गंमत अशी की कायदा नेमका उलटा आहे. एकटं सापडलेलं मूल तुम्ही जवळ ठेवून घेतलंत आणि २४ तासांत कळवलं नाहीत, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्याखाली ते कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि प्रामाणिकपणे माहिती देणाऱ्यावर कारवाई होत नाही. त्याच कायद्यात आणखी दोन गोष्टी आहेत, ज्या फारशा कुणाला ठाऊक नसतात: मुलाचा जबाब घेताना पोलीस अधिकारी गणवेशात असू नये, आणि कोणत्याही कारणासाठी मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवायचं नाही.

मदत म्हणून मुलाचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकणं मात्र महागात पडू शकतं. अशा मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या ७४व्या कलमाने मनाई आहे. दंड दोन लाखांपर्यंत. फोटो प्रसिद्ध करायचा की नाही, ते समिती ठरवते.

शेवटी उरतो १०९८, मुलांसाठीचा मदतीचा फोन नंबर. हा नंबर कुठल्या तरी संस्थेचा, असं अजून अनेकांना वाटतं. सुरुवात तशीच झाली, १९९६ साली मुंबईत, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून. २०२३पासून तो मिशन वात्सल्य योजनेखाली सरकारच चालवतं आणि आपत्कालीन ११२ला जोडला गेलाय. रेल्वेत असाल तर रेल्वेचा मदत क्रमांक १३९ आहेच. स्थानकांवर बाल मदत कक्षही आहेत, पण २०२४च्या मध्यावर ते जेमतेम १३५ स्थानकांवर होते, आणि देशात स्थानकं सात हजारांच्या वर. म्हणजे बहुतेक फलाटांवर कक्ष नसणार. तिथे फोन लावायचा, त्या मुलाला नाव पुन्हा पुन्हा न विचारता शेजारी बसायचं आणि माणूस येईपर्यंत उठायचं नाही. आपली गाडी सुटण्याची शक्यता असते, हे खरं.