पाठीवरचा हात

मार्चअखेरीची गर्दी होती. २००७ सालची गोष्ट. सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावच्या शाखेत मी तेव्हा शाखाधिकारी होते. केबिनच्या दाराशी एक म्हातारी उभी, तिच्यामागे तान्हं बाळ छातीशी धरलेली एक पोरगी. पोरीच्या हातात सातशे रुपयांचा सरकारी चेक. २००५ साली सुरू झालेल्या 'जननी सुरक्षा योजने'त खेड्यातली गरीब बाई दवाखान्यात बाळंत झाली की तिला हे पैसे मिळत. पण चेक 'अकाउंट पेयी' आणि बाईचं खातंच नाही! त्या काळात अशा कितीतरी ओल्या बाळंतिणी आमच्या काउंटरपाशी ताटकळल्या. फोटो आणा, रेशनकार्ड आणा, ओळख द्यायला जुना खातेदार आणा. सातशेतले बरेचसे जीपच्या भाड्यातच जायचे.

ओळख द्यायला म्हातारी आली होती. तिचं खातं जुनं, अंगठ्याचं.

"ही तुमची कोण?" मी विचारलं.

"कुनी न्हाई. हिच्या आईला म्या सोडवली, तवा ही झाली."

म्हणजे सुईण. मी जरा सावरून बसले. "मग हिचं बाळंतपणही तुम्हीच केलंत?"

"न्हाई, ती दवाखान्यात झाली. म्या जीपगाडीतनं संगं गेल्ते. दारातनंच माघारी लावलं." फॉर्मवर अंगठा उठवून म्हातारीनं बोटाची शाई पदराला पुसली आणि म्हणाली, "बाईसाहेब, पोरीला पैसं मिळालं, लई बरं झालं. नेनाऱ्या बाईला बी मिळत्यात म्हनं. पर आत तिच्या पाठीला हात कुनी लावला वो?"

मी सही केली आणि पुढची फाईल ओढली. काय बोलणार?

उत्तर मला माहीत होतं. माझी मुलगी १९८७ साली मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात झाली. आई बाहेर बाकावर थर्मास घेऊन बसलेली आणि मी आत, ओळीनं मांडलेल्या खाटांपैकी एका खाटेवर, अकरा तास. डॉक्टर चांगले होते, नर्स कामात बुडालेल्या होत्या. कुणाला दोष देऊ? पण 'ओरडू नका' याखेरीज त्या अकरा तासांत कुणी माझ्याशी बोललेलं मला आठवत नाही. पहाटे पाळी बदलताना एक आया जाता जाता थांबली. कमरेच्या खाली, माकडहाडाच्या वर, तिनं तळहाताची टाच दाबून धरली. दोनच मिनिटं असतील. डॉक्टरांचा चेहरा मी विसरले. तो हात अजून जागेवर आहे.

आता इथे गळा काढून 'गेले ते दिवस' म्हणायचा माझा मुळीच विचार नाही. घरच्या बाळंतपणात बायका मरत होत्या. बाजेखाली शेगडी असायची, उशाशी विळा असायचा आणि कधी त्याच विळ्यानं नाळ कापली जायची. नाळेला शेण किंवा राख लावली की धनुर्वात ठरलेला. रक्तस्राव सुरू झाला की सुईणीच्या हाती देवाचं नाव घेण्यापलीकडे काही उरत नसे. डॉ. आनंदीबाई जोशी यांचं स्वतःचं बाळ अवघ्या दहा दिवसांचं होऊन गेलं होतं. पुढे १८८६ साली अमेरिकेत पदवीसाठी त्यांनी प्रबंध लिहिला तो हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. १९९७-९८ मध्ये महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे १६६ माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये हा आकडा ३३ वर आला. दवाखान्याला नावं ठेवणाऱ्यानं आधी हे दोन आकडे वाचावेत.

सरकारनं सुइणींनाही शिकवून पाहिलं. महिनाभराचं प्रशिक्षण, ब्लेड-दोरा-साबणाची पेटी आणि 'पाच स्वच्छतां'चा पाठ: हात, जागा, ब्लेड, दोरा, नाळ. पुढे धोरणाचा रोख दवाखान्याकडे वळला आणि सुईण बाजूला पडली. हिशेब चुकीचा नव्हता, पण एक खातं नोंदवायचंच राहून गेलं. सुईण काही नुसती नाळ कापणारी बाई नव्हती. ती कळा सुरू झाल्यापासून उठत नसे. बाळंतिणीला फिरवायची, उकिडवी बसवायची, चहा पाजायची, कंबर चोळायची, सासूला दटावायची. वार पडेपर्यंत नाळ कापू नये, असं कित्येक सुइणी मानत. निदान मिनिटभर तरी नाळ बांधायची घाई नको, असं जागतिक आरोग्य संघटनाही आता सांगते. आपण विळा टाकला ते उत्तम केलं. त्याबरोबर पाठीवरचा हातही टाकला.

त्या हाताची किंमत मोजली ती दूर ग्वाटेमालात. तिथल्या एका गर्दीच्या रुग्णालयात काही बायकांजवळ एक अनोळखी, साधी बाई बसवली. औषध नाही, तपासणी नाही; तिनं फक्त बोलायचं, हात धरायचा, पाठ चोळायची. १९८० साली निष्कर्ष छापून आले. ज्यांची बाळंतपणं सरळ झाली त्यांच्यात, सोबत असलेल्या बायका दाखल झाल्यापासून सरासरी ८.८ तासांत मोकळ्या झाल्या, एकट्या पडलेल्या १९.३ तासांत. अशा सोबतिणीला आता जगभर 'डूला' म्हणतात. शब्द मूळचा ग्रीक. ती दाई नव्हे, नर्सही नव्हे. ती पोट तपासत नाही की बाळ काढत नाही; ते काम प्रशिक्षित मिडवाइफचं किंवा डॉक्टरचं. २०१७ साली सतरा देशांतल्या, पंधरा हजारांहून अधिक बायकांवर झालेल्या २६ चाचण्यांचा एकत्र आढावा निघाला. सतत सोबत असली तर सिझेरियन कमी, कळांचा काळ कमी, वेदनाशामकं कमी. तोटा आढळला नाही. आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत खासगी रुग्णालयांतली सुमारे ४७ टक्के बाळंतपणं सिझेरियननं झालेली दिसली, सरकारी रुग्णालयांतली १४ टक्के. त्याची कारणं अनेक असतील, पण सोबतीसारखा स्वस्त उपाय आपण वापरूनही पाहू नये?

घरी परतल्यावरची सोबत तर त्याहून निसटती. सव्वा महिना, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, न्हाऊ घालणाऱ्या बाई... यातलं किती शास्त्रीय हा वाद बाजूला ठेवू. (धुरी मला कधीच पटली नाही, बाळाच्या छातीत धूर कशाला?) पण बाळंतिणीला रोज कुणीतरी विचारत होतं, "झोप झाली का गं?" गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'नं १९९५ पासून गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी पाठवलं, सुइणींनाही हाताशी घेतलं. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालं. त्या घरांत डॉक्टर गेला नव्हता, शिकलेली शेजारीण गेली होती.

माझ्या मुलीनं २०१९ साली पुण्यात डूला ठरवली. फी ऐकून माझ्यातली बँकवाली जागी झाली, हे कबूल करते. पण ती बाई सातव्या महिन्यापासून घरी येत होती, जावयाला पाठ कशी दाबायची ते शिकवत होती आणि कळांच्या पंधरा तासांत एकदाच जेवायला बाहेर आली. मी बाकावर होते, थर्मास घेऊन. नंतर पंधरा दिवसांनी मुलगी कारण नसताना रडू लागली, तेव्हाही आधी लक्षात आलं ते तिच्याच, माझ्या नव्हे. "काकू, हे लाडानं जाणारं रडं नाही, डॉक्टरांना दाखवू या," ती म्हणाली.

पण ज्यांना ही फी परवडत नाही त्यांचं काय? त्यांच्यासाठी कागदावर सोय आहे. २०१६ सालीच केंद्र सरकारनं सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण आत ठेवायला परवानगी दिली. स्वतः बाळंतपण सोसलेली बाई हवी. आडोसा असेल तिथे नवराही चालेल. खर्च जवळपास शून्य.

मध्यंतरी एका ग्रामीण रुग्णालयात कुणाला तरी भेटायला गेले होते. प्रसूतिकक्षाबाहेर तीन सासवा आणि एक आई जमिनीवर बसलेल्या. सिस्टरना मी त्या परवानगीबद्दल विचारलं. बाई समजूतदार होत्या. म्हणाल्या, "मॅडम, आम्हाला नको आहे का? मलाही मदतच होईल. पण दोन टेबलं शेजारी शेजारी आहेत, मध्ये पडदा नाही. एकीची सासू आत घेतली तर दुसरीची लाज कुठे ठेवू? मागणी केली आहे."

"कधी केलीत?"

त्या नुसत्या हसल्या. मी त्यांच्याकडून टेप मागून घेतली. दोन टेबलांमधली जागा, छतापर्यंतची उंची आणि दांड्याची लांबी, सगळं पावतीच्या पाठीवर लिहून आणलं आहे. शिंप्याकडे उद्या जायचं आहे.