साखर उतरली, पण का?

‘गोळी निम्म्यावर आणली तरी सासूबाईंची साखर आता कमीच येते हो!’ असं कुणी कौतुकानं सांगितलं, तर मैत्रिणींनो, आधी विचारा, किडनीची तपासणी शेवटची केव्हा केली होती?

इन्सुलिनचं काम झालं की त्याची विल्हेवाट लावण्यात किडनीचा मोठा वाटा असतो. किडनी थकली की इन्सुलिन आणि मधुमेहाच्या काही गोळ्या शरीरात रेंगाळतात. म्हणून साखर उतरते. मधुमेह बरा झालेला नसतो. उलट साखर एकदम खाली जाऊन घाम फुटतो, हात थरथरतात. माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी आणि डॉक्टरांना कळवून औषधाचं प्रमाण ठरवून घ्यावं. आपल्या मनानं गोळी कमी-जास्त करू नये.

किडनी दुखत नाही, हीच पंचाईत. पायावर सूज दिसेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं. म्हणून दरवर्षी दोन तपासण्या हव्यातच. एक, लघवीतल्या अल्ब्युमिनची. त्याचं क्रिएटिनिनशी प्रमाण ३०च्या आत असावं. दुसरी, रक्तातल्या क्रिएटिनिनची. त्यावरून काढलेला ईजीएफआर तीन महिने ६०च्या खाली राहिला, तर किडनीचा आजार समजतात. इथे सापडलं तर रक्तदाब आणि साखर सांभाळून, योग्य औषधांनी पुढची घसरण पुष्कळ लांबवता येते.

नाहीतर डायलिसिस. रत्नागिरीच्या जिल्हा शासकीय रुग्णालयात ती सोय आहे, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतही डायलिसिस बसतं. पण आठवड्यातून दोन-तीन खेपा, दर खेपेला चारेक तास! एखाद्या वाडीवरून एसटीनं यायचं-जायचं म्हणजे दिवस गेला. सोबतीला घरचं माणूस लागतं, आणि ते बहुधा आपणच असतो. स्वतःची तपासणी मात्र ‘आंब्याचा हंगाम होऊ दे’ म्हणून राहते.

लावणीनंतर कंबर धरली की मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी रोज घेणं किडनीला महागात पडतं. आणि मीठ! दिवसाला सगळं मिळून एक छोटा चमचा. पेजेबरोबरचा पापड, लोणचं, सुकट, कोकमाचं आगळ, सगळं त्यातच धरायचं. ‘कमी सोडियमचं’ मीठ किडनीच्या रुग्णाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये, त्यात पोटॅशियम असतं. शहाळं, आंबा, केळं यांतही ते असतं. पण म्हणून सरसकट बंदी नको, रक्तातलं पोटॅशियम बघून डॉक्टर सांगतील.

एका फळाला मात्र किडनीच्या रुग्णाच्या पानात अजिबात जागा नाही: करमर. तेच ते, कापलं की चांदणीसारखं दिसणारं आंबट फळ. लोणचं, चटणी, सरबत, कशातूनही नको. त्यातलं विष निरोगी किडनी बाहेर टाकते, आजारी किडनीला ते जमत नाही. खाल्ल्यावर उचकी थांबेना किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर घरगुती उपाय करत न बसता थेट रुग्णालय गाठावं आणि करमर खाल्लं होतं हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं.